शमशाबाद ते टाळेबंदी : उलटे मोजलेले दिवस

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री कोरोनामुळे देश बंद झाला. ती वेळ शून्य धरून त्याआधीचे दिवस इथे उलटे मोजले आहेत. सुरुवात वुहानपासूनही करता आली असती. पण त्या पाच आठवड्यांत हैदराबाद आणि त्याच्या आसपास जे घडलं, तेवढ्यातही सगळं दिसतं. प्रवासाला जाऊन आलेल्यांबरोबर आजार आला आणि त्याचा भार घराबाहेर न पडलेल्यांवरही पडला.

गुरुवार, २० फेब्रुवारी. उरले ३३ दिवस

बंगळुरूत नोकरी करणारा २४ वर्षांचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर दुबईहून परत आला. कंपनीच्या कामासाठी गेला होता आणि तिथे हाँगकाँगच्या लोकांबरोबर त्याने काम केलं होतं. तोवर देशात कोरोनाचे तीनच रुग्ण नोंदले गेले होते. तिघंही वुहानहून केरळात परतलेले विद्यार्थी. विमानतळांवर तपासणी सुरू होती, पण ती ठरावीक देशांहून येणाऱ्यांची : चीन, हाँगकाँग, सिंगापूर, थायलंड, जपान, दक्षिण कोरिया वगैरे. त्या यादीत दुबई नव्हती.

या यादीमागचा विचारच मला अपुरा वाटतो. विमान कुठून सुटलं, हे यादी पाहत होती. दुबई मात्र जगभरच्या प्रवाशांचं जंक्शन आहे. हाँगकाँगचा माणूस आणि हैदराबादचा माणूस तिथे एकाच टेबलावर जेवतात आणि संध्याकाळी आपापल्या विमानात बसतात.

शनिवार, २२ फेब्रुवारी. उरले ३१ दिवस

इंजिनिअर बंगळुरूहून बसने हैदराबादला, आपल्या घरी निघाला. या मार्गावर रोज कितीतरी गाड्या धावतात आणि शनिवार-रविवार जोडून घरी येणारी आयटीतली मुलं त्यांत असतातच. बंद काचा, एसी आणि कित्येक तासांचा प्रवास.

शनिवार, २९ फेब्रुवारी. उरले २४ दिवस

सौदी अरेबियात महिनाभर राहून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरले आणि तिथून कलबुर्गीला आपल्या घरी गेले. ताप नव्हता, खोकला नव्हता. दोनच दिवसांपूर्वी, २७ फेब्रुवारीला, सौदी सरकारने उमऱ्यासाठी येणाऱ्या परदेशी यात्रेकरूंना प्रवेश बंद केला होता. एखादा देश आपली सर्वांत पवित्र स्थळं बाहेरच्यांना बंद करतो, तेव्हा तिथून परतणाऱ्यांकडे निराळ्या नजरेने पाहायला हवं होतं. सौदीही आपल्या यादीत नव्हता.

याच विमानतळाची अकरा वर्षांपूर्वीची आठवण इथे सांगायला हवी. १३ मे २००९ ला न्यूयॉर्कहून दुबईमार्गे आलेला २३ वर्षांचा एक प्रवासी इथे उतरला. त्याला लक्षणं दिसत होती, म्हणून त्याला थेट दवाखान्यात नेऊन वेगळं ठेवलं. १६ मेला तो स्वाइन फ्लूचा देशातला पहिला रुग्ण ठरला. विमानतळावरची व्यवस्था त्या दिवशी चोख चालली, कारण आजार चेहऱ्यावर दिसत होता. तरीही ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, या साथीतला देशातला पहिला, आणि वर्ष सरेपर्यंत ९८१ माणसं गेली. विमानतळावर एक रुग्ण सापडला म्हणजे साथ अडली असं नाही, हा धडा हैदराबाद आणि पुणे या दोन शहरांनी मिळून तेव्हाच घेतलेला होता.

थर्मल कॅमेरा कातडीचं तापमान मोजतो, एवढंच त्याचं काम. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तेव्हाच्या कोरोनाला साधारण पाच-सहा दिवस लागत, कधी चौदाही. तेवढ्या काळात माणूस कॅमेऱ्यासमोरून हसत जातो. त्याने काही लपवलेलं नसतं, त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून विमानतळाच्या पुढची चौकी फार महत्त्वाची : गल्लीतला डॉक्टर, दवाखान्यातली केसपेपरची खिडकी, आणि तिथे विचारला जाणारा प्रश्न, ‘गेल्या महिन्यात कुठे जाऊन आलात?’

रविवार, १ मार्च. उरले २३ दिवस

या रविवारी दोन गोष्टी घडल्या. दोन्हींचा धागा दुबईचा.

सिकंदराबादेत तो इंजिनिअर संध्याकाळी गांधी हॉस्पिटलमध्ये पोचला. घरी आल्यावर ताप आला, खासगी दवाखान्यात उपचार झाले, उतार पडेना, तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात धाडलं. आधीच्या सगळ्या दिवसांत तो कुणाकुणाच्या शेजारी बसला, कुणी त्याची नाडी पाहिली, कुणी त्याची खोली झाडली, याची यादी आता उलट्या क्रमाने करायची होती.

त्याच दिवशी दुबईची सहल आटोपून चाळीसेक जणांचा एक गट मुंबईत उतरला. त्यातलं पुण्याचं एक कुटुंब टॅक्सी करून घरी गेलं. टॅक्सीचालकाला रोजचं भाडं मिळालं, त्या दिवसापुरता त्याचा या गोष्टीशी एवढाच संबंध.

सोमवार, २ मार्च. उरले २२ दिवस

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा निर्वाळा आला : इंजिनिअरला लागण झालेली आहे. तेलंगणातला हा पहिला रुग्ण. केंद्राने त्याच दिवशी दिल्लीतला एक रुग्णही जाहीर केला. तो इटलीहून परतला होता.

पुढचे दोन दिवस तेलंगणाच्या आरोग्य खात्याने जे केलं, त्याची दाद द्यायलाच हवी. घरचे, बसमधले, खासगी दवाखान्यातले असे ऐंशीहून अधिक लोक शोधून काढले, घरोघर फोन गेले, नमुने घेतले. गांधी हॉस्पिटलात तपासणीची सोय फेब्रुवारीतच झाली होती. इंजिनिअरच्या संपर्कातल्या कुणालाही लागण निघाली नाही. तो बरा होऊन घरी गेला. एक माणूस वेळेवर योग्य दारात आला आणि त्या दारात योग्य प्रश्न विचारला गेला, की साखळी कशी तुटते, हे या शहराने करून दाखवलं.

बुधवार, ४ मार्च. उरले २० दिवस

भीती मात्र विषाणूच्या पुढे धावली. माधापूरच्या माइंडस्पेस आयटी पार्कमधली एक इमारत दुपारी रिकामी केली गेली. इटलीहून परतलेल्या एका कर्मचाऱ्याला लागण झाल्याचा संशय होता. हजारो माणसं लॅपटॉप काखेत मारून रस्त्यावर आली. पुण्याचा अहवाल आला तेव्हा त्या व्यक्तीला काहीही झालेलं नव्हतं.

त्याच दिवशी केंद्राने जाहीर केलं की आता सगळ्याच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी होईल. दुबई आणि सौदी आता आपोआप यादीत आले. कलबुर्गीचे गृहस्थ घरी पोचून चार दिवस झाले होते, पुण्याचं कुटुंब तीन.

शुक्रवार, ६ मार्च. उरले १८ दिवस

कलबुर्गीत त्या गृहस्थांना ताप भरला, खोकला सुरू झाला. ओळखीच्या एका खासगी डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, औषध दिलं. गावाकडे वयस्कर माणसासाठी डॉक्टर घरी येणं ही आपुलकीची आणि मानाची रीत. त्या डॉक्टरांचं वय ६३ होतं.

सोमवार, ९ मार्च. उरले १५ दिवस

होळीचा दिवस. या दिवसावर थोडं थांबतो, कारण पुढच्या वर्षभरात जे जे बिघडलं त्याची बीजं या एका दिवसात सापडतात.

कलबुर्गीत गृहस्थांची प्रकृती ढासळली. कुटुंबाने त्यांना तिथल्या खासगी दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी न्यूमोनियाचं निदान केलं, आणि इथे त्यांचं कौतुक आहे, कोरोनाचा संशयही नोंदवला. नमुना घेतला गेला आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला. जिल्हा आरोग्य अधिकारी स्वतः दवाखान्यात आले. शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जिम्समध्ये, खास वेगळा कक्ष उघडला आहे, तिथे हलवा, असं त्यांनी सांगितलं. तोवर सगळं बरोबर चाललं होतं.

कुटुंबाने ऐकलं नाही. अहवालाची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध त्यांनी डिस्चार्ज घेतला. याला दवाखान्यात ‘डामा’ म्हणतात. नातेवाइकाने एका छापील कागदावर सही केली, की दवाखान्याची जबाबदारी तिथे संपते. त्या कागदावर रुग्ण पुढे कुठे जाणार, हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. त्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांना न कळवता हैदराबादचा रस्ता धरला.

त्यांना दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. कलबुर्गी म्हणजे जुन्या निजाम राज्यातला गुलबर्गा. बिदर, उदगीर, देगलूर, उमरगा, कलबुर्गी या सगळ्या पट्ट्यात, मग घरात मराठी बोलत असोत, कानडी की उर्दू, मोठं दुखणं आलं की पहिलं वाक्य निघतं : हैदराबादला नेऊ. राज्यांच्या सीमा १९५६ साली बदलल्या, दुखण्याच्या वाटा तशाच राहिल्या. त्या कुटुंबाला वडील वाचवायचे होते, आणि ‘सरकारी दवाखान्यातला वेगळा कक्ष’ हे शब्द त्यांच्या कानाला मरणाच्या खोलीसारखे वाटले असतील. सरकारी दवाखान्यावरचा हा अविश्वास एका दिवसात तयार झालेला नाही. तो वर्षानुवर्षं साचलेला आहे, आणि साथ येते तेव्हा त्याची किंमत वसूल करते.

कलबुर्गीहून हुमनाबाद, मग हमरस्त्याला लागून जहीराबाद, सदाशिवपेठ, संगारेड्डी, पटनचेरू. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. न्यूमोनिया झालेल्या वयस्कर माणसासाठी हे अंतर फार मोठं आहे. छाती आधीच भरलेली, प्रत्येक गतिरोधकाला दचका, प्रत्येक गावात थांबलेली वाहतूक, आणि गाडीत बाजूला बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडावर रुमालाखेरीज दुसरं काही असणं त्या दिवसांत अवघडच.

इकडे पुण्यात त्याच दिवशी रात्री नायडू रुग्णालयातून बातमी बाहेर आली : दुबईहून परतलेल्या दाम्पत्याला लागण. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण. चौकाचौकात होळी पेटलेली होती.

मंगळवार, १० मार्च. उरले १४ दिवस

हैदराबादेतल्या खासगी दवाखान्यात त्या गृहस्थांवर जेमतेम दोन तास उपचार झाले आणि तिथूनही त्यांना परत पाठवलं गेलं. केंद्र सरकारच्या निवेदनात हे दोन तास नोंदलेले आहेत. आता गाडी पुन्हा कलबुर्गीकडे वळली, अखेर त्याच जिम्सकडे, जिथे आदल्या दिवशी जायला सांगितलं होतं. तिथे पोचण्याआधी वाटेतच त्यांचा श्वास थांबला. कोविडने भारतात गेलेला हा पहिला माणूस. तसं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारण नमुन्याचा अहवाल यायचा होता.

शहरातच गांधी हॉस्पिटल होतं. आठवड्याभरापूर्वी तिथल्याच डॉक्टरांनी एक रुग्ण नीट हाताळला होता, तपासणीची सोय होती, कक्ष होता. नल्लाकुंट्याचं फिव्हर हॉस्पिटलही होतं. साथीच्या रुग्णांसाठी १९१५ मध्ये सुरू झालेल्या त्या दवाखान्याला जुनी माणसं आजही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या राज्यात साथीच्या रुग्णाला कुठे न्यायचं, हे ठरलेलं होतं. २०२० मध्ये एका मरणासन्न माणसाला ते कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते ऐकायला उशीर झाला होता.

पुण्यात धुळवडीच्या त्याच दिवशी आणखी तीन अहवाल आले : दाम्पत्याची मुलगी, सहलीतला एक सहप्रवासी, आणि मुंबईहून त्यांना घेऊन आलेला टॅक्सीचालक. दुबई न पाहिलेल्या माणसाला दुबईचा आजार झाला होता.

बुधवार ११ आणि गुरुवार १२ मार्च. उरले १३, मग १२ दिवस

बुधवारी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. रात्री भारताने बहुतेक सगळे व्हिसा स्थगित केले. गुरुवारी रात्री कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनी कलबुर्गीचा अहवाल जाहीर केला आणि मग धावपळ उडाली : घरचे, कलबुर्गीचा दवाखाना, गाडी, हैदराबादेतला दवाखाना. दोन राज्यांच्या यंत्रणा एकाच माणसाच्या शेवटच्या प्रवासाचा नकाशा काढत होत्या. इंजिनिअरच्या वेळी हे काम तो जिवंत असताना, त्याच्या तोंडून ऐकून झालं होतं.

शनिवार, १४ मार्च ते बुधवार, १८ मार्च. उरले १० ते ६ दिवस

इंडोनेशियाहून आलेले तबलिगी जमातचे दहा धर्मप्रचारक दिल्लीहून रेल्वेने रामगुंडमला उतरून करीमनगरला गेले. १८ मार्चपर्यंत त्यांच्यातले बहुतेक बाधित निघाले. करीमनगरमध्ये घरोघरी पथकं फिरली. यानंतर सगळीकडे आजाराला धर्म चिकटवण्याचं जे सुरू झालं, ते लाजिरवाणं होतं. दुबईहून आलेल्या पर्यटकांचा धर्म कुणी विचारला नव्हता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं स्पष्ट म्हटलं. तोवर माणसं प्रवास लपवायला शिकली होती. दूषणं मिळणार असतील तर कोण सांगेल की मी कुठून आलो?

१७ मार्चला कलबुर्गीच्या त्या ६३ वर्षांच्या डॉक्टरांना लागण झाल्याचं कळलं. मृताच्या मुलीलाही झाली होती.

१८ मार्चपासून दुबईसह काही आखाती देशांतून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण लागू झालं. इंजिनिअर दुबईहून परतल्याला तोवर सत्तावीस दिवस होऊन गेले होते.

गुरुवार, १९ मार्च, रात्री ८. उरले १२४ तास

पंतप्रधानांनी रविवारच्या जनता कर्फ्यूचं आवाहन केलं. आता दिवस मोजून भागत नव्हतं.

रविवार, २२ मार्च, पहाटे साडेपाच. उरले साडेसहासष्ट तास

परदेशातून भारताकडे प्रवासी विमानं सुटायची बंद झाली. तेलंगणाने कर्फ्यू चौदा तासांचा न ठेवता चोवीस तासांचा केला. दुपारपर्यंत रेल्वेनेही सगळ्या प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत थांबवल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५. उरले ५५ तास

गच्च्यांवर, गॅलऱ्यांत टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. डॉक्टर-परिचारिकांसाठी होत्या, मनापासून होत्या. संध्याकाळीच तेलंगणाने राज्यापुरती टाळेबंदी जाहीर केली, महाराष्ट्रानेही केली. नांदेड आणि देगलूर बाजूची, हैदराबादेत बांधकामावर आणि हॉटेलांत राबणारी माणसं हिशेब मिळायच्या आत अडकली. त्यांच्यातल्या फारच थोड्यांकडे पासपोर्ट असेल.

मंगळवार, २४ मार्च, रात्री ८. उरले ४ तास

घोषणा झाली : रात्री बारापासून एकवीस दिवस देश बंद. त्या दिवशी देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या थोडे वर होते. अमीरपेठेतल्या वसतिगृहांत कोचिंगसाठी राहणाऱ्या हजारो मुलांनी सामान बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी गावी जाण्याच्या परवान्यासाठी त्यांच्या पोलीस ठाण्यांसमोर रांगा लागल्या.

रात्री १२. शून्य

उजाडला तो गुढीपाडवा, तेलुगू घरांत उगादी. पुण्याचं ते दाम्पत्य बरं होऊन त्याच दिवशी घरी गेलं. २८ मार्चला तेलंगणाने आपला पहिला मृत्यू जाहीर केला. गांधी हॉस्पिटल पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. इथे रोज येणाऱ्या बाळंतिणी, अपघाताचे आणि इतर सगळ्या आजारांचे गरीब रुग्ण दुसरीकडे पाठवले गेले. प्रवासातून आलेल्या आजाराचा भार मोजताना या रुग्णांची गिनती कुठल्याही तक्त्यात होत नाही. ती व्हायला हवी.

या पाच आठवड्यांत इंजिनिअर, पुण्याचं कुटुंब आणि कलबुर्गीचे गृहस्थ, कुणीही गुन्हेगार नव्हतं. पण एकाच्या बाबतीत माहिती वेळेवर बोलली गेली, आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती एका कागदावरच्या सहीबरोबर रस्त्यात हरवली. पिवळ्या तापाचं पाहा. आफ्रिकेतल्या ज्या देशांत तो आहे तिथून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर आपला विमानतळ त्याला दिवसच्या दिवस वेगळं ठेवतो, कारण तो आजार आपल्याकडे नाही आणि तो पसरवणारा डास मात्र घरोघरी आहे. तिथे नियम आहे, तो पाळलाही जातो. प्रवासी घरी पोचल्यानंतरच्या महिन्यासाठी मात्र असा नियम नाही, आणि फॅल्सिपेरम मलेरियापासून कोरोनापर्यंत बहुतेक दुखणी त्याच महिन्यात डोकं वर काढतात.

म्हणून एवढं करा. उमऱ्याहून, दुबईच्या सहलीहून, आफ्रिकेतल्या नोकरीवरून किंवा तिरुपतीच्या यात्रेहून परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरसमोर बसताच, त्यांनी विचारायच्या आधी, कुठे गेला होतात आणि कधी परतलात ते सांगा. आणि तुम्ही डॉक्टर असाल, तर केसपेपरवर नाव आणि वयाच्या खालची पहिली ओळ यासाठी राखून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात पाठवाल, तेव्हा आधी तिथे फोन करा.